न आलेलं पाणी

मंगळवारी सकाळी समुद्र इतका निवांत होता की तुळसबंदरच्या पुळणीवर बायका जाळी वाळत घालत होत्या. वर सड्यावर, गावामागच्या कातळपठारावर, पवनचक्क्यांच्या नियंत्रण कक्षात मात्र कक्षप्रमुख निशिगंधा कुबल पडद्यासमोरून हलली नव्हती, आणि शेजारी ठेवलेला चहा कधीच गार होऊन गेला होता.

रात्रीतून वादळ दुपटीने वाढलं होतं. आदल्या संध्याकाळी ते लक्षद्वीपच्या वर नुसतं घुटमळत होतं, त्याला कुणी नावही दिलं नव्हतं. पण त्या मे महिन्यात अरबी समुद्र असा तापला होता की पाण्यात पाय घातला तरी गारवा लागत नसे. वादळ जगतं ते याच उष्णतेवर. ज्या वाढीला पूर्वी तीन-चार दिवस लागायचे ती आता एका रात्रीत होत होती, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना पळायला मिळणारा वेळ तेवढाच आक्रसत चालला होता.

तुळसबंदरला धोका नव्हता. वादळ लांबून, समुद्रातूनच उत्तरेकडे निघून जाणार होतं. जमिनीवर चढणार होतं ते उद्या पहाटे, भाटखोलजवळ.

निशिगंधाच्या खुर्चीमागे मुख्य अभियंता इक्बाल मुकादम उभे होते. ते मूळचे भाटखोलचे, त्यांची आई अजून तिथेच राहत होती. भाटखोल म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये पसरलेली वाळूची एक लांब जीभ. तिच्यावर हजारो माणसांची वस्ती आणि बाहेर पडायला एकच पूल. तो पूल गेल्या पावसाळ्यात खचला होता आणि नवा अजून अर्धाच उभा राहिला होता. होड्यांनी माणसं पलीकडे न्यायला सकाळीच सुरुवात झाली होती, पण पाणी चढायच्या आत निम्मीसुद्धा निघतील की नाही, याची शंका होती. उरलेल्यांनी शाळेच्या इमारतीत जमायचं, असं ठरलं होतं.

“शाळेपाशी पाणी किती येईल?” मुकादमांनी विचारलं.

“वरचा मजला बुडेल,” निशिगंधा म्हणाली.

मुकादमांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा काढला.

खिडकीतून दूरवर पवनचक्क्या दिसत होत्या. तुळसबंदरपासून उत्तरेला भाटखोलच्या अलीकडपर्यंत, खोल पाण्यात तरंगत्या तराफ्यांवर उभ्या केलेल्या, रांगांमागून रांगा. या पवनपट्ट्याने राज्याचं नशीब पालटलं असं भाषणांत म्हटलं जाई, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कोळशाची धुराडी एकेक करून बंद झाली होती. राज्य शेजाऱ्यांना वीज विकत होतं. विदर्भात सावलीत बसलेली माणसंही उन्हाळ्यात कोसळू लागली तेव्हा गावोगाव गारवाघरं बांधली गेली होती. जाड भिंतींची, दिवसभर थंड ठेवलेली ती दालनं. भर दुपारी अख्खं गाव तान्ह्या पोरांसकट तिथे जाऊन बसे. ती सगळी याच विजेवर चालत.

तुळसबंदरला तर या वाऱ्याने नवा जन्म दिला होता. पट्ट्याची दक्षिणेकडची पहिली रांग गावाच्या मालकीची होती. पट्टा येणार म्हटल्यावर किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढायचं हक्काचं पाणी जाणार होतं, तेव्हा गावाने भरपाई नाकारली आणि चक्क्यांची मालकी मागितली. त्या भांडणात सगळ्यांच्या पुढे होती निशिगंधाची थोरली बहीण रसिका. नवरा तापाने गेल्यावर तिने स्वतः होडी चालवली होती, धाकट्या बहिणीला इंजिनिअर केलं होतं, आणि आता ती रापणकर संस्थेची अध्यक्ष होती. विजेच्या उत्पन्नातून गावात बर्फाचा कारखाना आला, दवाखाना आला, मुंबईत एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे मुलगे परत आले. करारात रसिकाने एक गोष्ट हट्टाने घालून घेतली होती: गावाच्या रांगेवर शेवटचा शब्द गावाचा. कक्षात एक खुर्ची संस्थेची होती आणि तिच्यासमोर लाल बटण. ते दाबलं की पहिली रांग थांबणार, मग मंत्री काहीही म्हणो.

मुकादम आणि निशिगंधा आता त्याच रांगेकडे बघत होते.

एरवी वादळ आलं की पवनचक्क्या बंद करतात. पात्यांची धार वाऱ्याकडे वळवून ठेवली की वारा त्यांना न पकडता निसटून जातो. पण या पट्ट्यातली पाती माडाच्या झावळीसारखी वाकणारी होती, भर वादळातही ती काही काळ फिरू शकत. आणि फिरणारी चक्की नुसती वीज करत नाही, ती वाऱ्यातली ताकद काढून घेते. एका चक्कीने वादळाचं काही बिघडत नाही. हजारोंनी एकदम काढून घेतली तर वादळाचा बाहेरचा घेर मंदावतो. घेर मंदावला की त्याखालच्या लाटा लहान होतात. आणि लाटा लहान होणं हेच महत्त्वाचं, कारण खवळलेल्या समुद्राशी घासूनच वारा आतल्या बाजूला, वादळाच्या मध्याकडे वळत असतो. ते घासणं कमी झालं की मध्याकडे जाणारी दमट हवा कमी पडते आणि सरपण ओढून घेतलेल्या चुलीसारखं वादळ आतून मंद होत जातं. कक्षातली माणसं या पद्धतीला ‘वेसण’ म्हणत. दोन लहान वादळांवर तिचा प्रयोग झाला होता आणि आकडे बरे आले होते.

अडचण एवढीच होती की मोठ्या वादळाचा पहिला तडाखा सगळ्यात पुढची रांग खाते. तिच्यामुळे वारा एवढा मऊ होतो की मागच्या रांगा तगतात. पहिली रांग तगत नाही. शिवाय वेसण वादळ उंबऱ्यात आल्यावर घालून उपयोग नाही, बाहेरचा घेर पट्ट्याला शिवतो तेव्हापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे दुपारच्या आत.

मुंबईहून ऊर्जा सचिव उल्का जामदार पडद्यावर आल्या. त्यांचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न राज्याच्या रांगांबद्दल विचारला. त्या आठवड्यात चंद्रपूर, अकोल्याकडे उष्णतेचा कहर चालू होता आणि गारवाघरांत लाखो लोक बसलेले होते. पट्टा पडला तर त्यांना मोकळं करून उन्हात पाठवण्यासारखं होतं. निशिगंधाने सांगितलं की पहिली रांग चालत राहिली तर मागच्या बहुतेक वाचतील. विमा मिळेल का, असं तिने विचारलं तेव्हा सचिव म्हणाल्या की जाणूनबुजून मोडू दिलेल्या यंत्रांना विमा नसतो, सरकार काय ते बघेल, पण आज मी कसलाही शब्द देऊ शकत नाही.

मग त्या म्हणाल्या, “गावाची परवानगी घ्यायला वेळ आहे का? चाचणी म्हणून वादळातही रांग चालू ठेवायचा अधिकार तुमच्याकडे आहे, कुबल. संस्थेच्या खुर्चीत आत्ता कुणी बसलेलं दिसत नाही.”

निशिगंधाने मुकादमांकडे पाहिलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले होते.

“मी सांगणार नाही,” ते पाठमोरेच म्हणाले. “माझी आई तिथं आहे. मी जे सांगेन ते तिच्यासाठी असेल. तू ठरव.”

खुर्चीत कुणी नव्हतं, ही गोष्ट खरी होती. दोन कळा दाबायच्या, बस्स. वाद नंतर झाला असता, वर्षानुवर्षं कोर्टात चालला असता, आणि तोवर भाटखोलची माणसं घरी पोचलेली असती. निशिगंधाचा हात कळफलकापर्यंत गेलासुद्धा. तिथून तो तिने मागे घेतला, चावी उचलली आणि सड्याचा उतार जीपने भरधाव उतरून ती गावात गेली.

सभा बर्फाच्या कारखान्यात भरली, कारण सगळे मावतील अशी तीच जागा होती. यंत्रं बंद केल्यावर आत अनोळखी शांतता पसरली. निशिगंधाने जे होतं ते उभ्या उभ्या सांगितलं. भाटखोल हे नाव निघताच लोकांत चुळबुळ झाली. भाटखोलचे ट्रॉलर वर्षानुवर्षं हद्द मोडून तुळसबंदरच्या पाण्यात शिरत. त्यांनी जाळी फाडली होती, होड्यांना धडका दिल्या होत्या, आणि एकदा तर पोलिसांसमोर दगडफेकही झाली होती. बाबल खवणेकर हा संस्थेतला सगळ्यात तापट माणूस. त्याच्या कपाळावर त्या दगडफेकीचा व्रण अजून होता.

“आमची रापण ज्यांनी फाडली, त्यांच्यासाठी आमी आमची मशीनां मोडूची?” त्याने विचारलं.

मागे कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिने शांतपणे वेगळंच विचारलं. पुढल्या वर्षी असंच वादळ सरळ आपल्यावर आलं तर त्याला अडवायला काय उरणार? हा प्रश्न बाबलच्या प्रश्नापेक्षा अवघड होता. पहिल्या रांगेतलं काहीच नाही, हे निशिगंधाने कबूल केलं.

रसिका इतका वेळ बर्फाच्या एका साच्यावर बसून ऐकत होती. ती उठली.

“खात्री आसा तुका?”

“नाय.”

“किती कमी होतला पाणी?”

निशिगंधा म्हणाली की कदाचित निम्मं, कदाचित तिसरा हिस्सा. कदाचित काहीच नाही.

“आणि मागसून कळतला, आमच्यामुळे कमी झाला म्हणान?”

“नाय. ता कधीच कळूचा नाय.”

रसिकाने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. मग तिने डोळे बारीक करून बहिणीकडे बघितलं. “तुका वरच्या वर चालू ठेवूक येय होती. मगे इचारूक कित्याक इलस?”

“मशीनां तुमची आसत म्हणान,” निशिगंधा म्हणाली.

हात वर करून मतं घेतली. बाजूने आणि विरोधात जवळपास सारखेच हात होते. कुणीतरी परत मोजा म्हणालं. रसिकाने मोजले नाहीत. अशा वेळी अध्यक्षाचं मत धरायचं असा संस्थेचा नियम होता, आणि आता सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. बाबलला तिने जवळ बोलावलं, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“त्येंच्याबरोबर माजा भांडण अजून संपाक नाय. भांडूक समोर माणूस होयो.” मग ती बहिणीकडे वळली. “चालवया.”

बाबल तिथून निघून गेला. जाताना त्याने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. निशिगंधाला त्या हळूपणाचीच जास्त भीती वाटली.

दुपारी रसिका कक्षात येऊन संस्थेच्या खुर्चीत बसली. गावातल्या सगळ्यांना तिने आधीच सड्यावरच्या शाळेत जायला सांगितलं होतं. धोका नाही म्हटलं तरी समुद्राचा भरवसा धरू नये, असं तिचं म्हणणं. निशिगंधाने रांगा चालू ठेवल्या. एव्हाना आभाळ दक्षिणेकडून तांबूस करडं झालं होतं आणि वारा खिडकीच्या फटींतून शीळ घालत होता. पट्टा कधी नव्हती एवढी वीज करत होता. सचिवांच्या कार्यालयातून निरोप आला की आजचं उत्पन्न आजवरचं सगळ्यात जास्त आहे. कक्षात कुणी तो निरोप मोठ्याने वाचला नाही.

पुढचे कित्येक तास पडद्यावरचे आकडे हलता हलत नव्हते. मग वादळाच्या मध्यातला दाब, जो सकाळपासून घसरत होता, थबकला. थोडा वर आला. मुकादमांनी श्वास सोडल्याचा आवाज निशिगंधाला ऐकू आला. भाटखोलच्या शाळेपाशी येणाऱ्या पाण्याचा अंदाज वरच्या मजल्यावरून खाली आला होता.

त्याच सुमारास पहिल्या रांगेतला एक ठिपका करडा झाला.

गावाने आपल्या चक्क्यांना समुद्रातल्या जुन्या मासेमारीच्या जागांची नावं दिली होती. “मोरखडप,” रसिका हळू आवाजात म्हणाली. थोड्या वेळाने दुसरा ठिपका गेला. तिने त्याचंही नाव घेतलं. तिसऱ्यानंतर तिने नावं घेणं सोडलं.

दिवेलागणीला संगणकाने नवा अंदाज काढला. तो सगळ्यांत आधी निशिगंधाने पाहिला. वादळ मंदावलं होतं, पण मंदावल्यामुळेच त्याची चालही संथ झाली होती. जे पाणी एकट्या भाटखोलवर उंच चढून जाणार होतं ते आता बुटकं आणि रुंद होऊन दक्षिणेकडे पसरत होतं. पट्ट्याच्या खालच्या टोकाला तुळसबंदर होतं. एकाच्या वाट्याचं पाणी आता दोघांत वाटलं जाणार होतं.

तिने मान वर केली तर मुकादम तिच्याचकडे बघत होते. त्यांनीही तो आकडा वाचला होता. ते उठून दूरच्या टेबलापाशी गेले आणि तिथे काही काम नसताना कागद चाळत राहिले. रसिका दोन हात अंतरावर बसली होती. तिला हे नकाशे वाचता येत नव्हते. तासभर गप्प राहिलं असतं तर पुरलं असतं. तासाभराने थांबवण्यात अर्थच उरला नसता. आपण विचारलं आहे, त्यांनी हो म्हटलं आहे, आता पुन्हा काय विचारायचं, असं निशिगंधाने मनाशी म्हणून पाहिलं. पण दुपारी हो म्हटलं गेलं होतं ते यंत्रांसाठी. घरांचं कुणी काही बोललं नव्हतं.

ती खुर्ची ओढून बहिणीशेजारी बसली आणि तिने सांगितलं.

रसिकाने विचारलं, आता थांबवलं तर काय होईल. निशिगंधा म्हणाली की मग मागच्या रांगाही बंद कराव्या लागतील, वादळ पुन्हा उचल खाईल आणि सगळं पाणी भाटखोलवर जाईल.

“आणि नाय थांबवला तर हय खंयपर्यंत?”

“खालच्या वाडीत खिडकीपर्यंत. होडयेंचा काय सांगाक येणा नाय.”

खालच्या वाडीत पहिलं घर रसिकाचं होतं. ते या दोघींचं माहेर होतं.

रसिकाचा हात लाल बटणाकडे गेला आणि त्याच्या वर थांबला. निशिगंधाने तो धरला नाही आणि ढकललाही नाही. मुकादमांच्या हातातले कागद खाली पडले, तरी त्यांनी ते उचलले नाहीत.

“आमची माणसां सगळी वर आसत?” रसिकाने विचारलं.

“सगळी.”

“आणि त्येंची?”

“अर्धी गेली पलीकडे. बाकीची शाळेत.”

रसिकाने हात मागे घेतला. फोन उचलून तिने बाबलला सांगितलं की होड्या जेवढ्या वर ओढता येतील तेवढ्या ओढ आणि कारखान्याची वीज तोड. तो पलीकडून काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली. तशीच ती शेवटपर्यंत बसून होती.

“मुकादमानू,” ती एकदाच म्हणाली, “तुमच्या आवशीक फोन लावा.”

मुकादमांनी लावला. फोन लागला नाही. ते तो कानाला धरून तसेच उभे राहिले.

सकाळी निशिगंधा सड्याच्या कडेला गेली तेव्हा पहिल्या रांगेत तीन खांब उभे होते, तेही कललेले. मागच्या रांगा धुतल्यासारख्या लखलखीत होत्या आणि फिरत होत्या. खाली वाडीत वाळू खिडक्यांच्या वर आली होती. रसिकाच्या घराचं छप्पर माडांमध्ये अडकलं होतं. होड्यांच्या फळ्या देवळापर्यंत विखुरल्या होत्या आणि बर्फाच्या कारखान्यात गुडघाभर चिखल होता. माणूस एकही गेला नव्हता.

भाटखोललाही कुणी गेलं नाही. शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं, काही वेळ थांबलं आणि उतरलं.

दुपारपर्यंत वाहिन्यांवर हवामान खात्याची टिंगल सुरू झाली. एवढा गाजावाजा केला आणि वादळ तर साधंच निघालं. मुकादम आईला भेटायला गेले. घराघरांतून चिखल उपसणाऱ्या माणसांना त्यांनी तुळसबंदरची हकिगत सांगितली. लोकांनी ऐकून घेतली. एकाने विचारलं, तुमच्या पंख्यांनी वादळ अडवलं होय? आई म्हणाली की अल्लाची मेहेरबानी झाली. मुकादम तिच्याशी वाद घालायला गेले नाहीत.

निशिगंधाने नंतर ते वादळ संगणकावर शेकडो वेळा फिरवून पाहिलं, वेसण घालून आणि न घालता. बहुतेक वेळा वेसणीशिवाय शाळा बुडे. काही वेळा बुडत नसे. तिने अहवालात तसंच लिहिलं. सरकारी चौकशी समितीने तो वाचला आणि वेसणीचा परिणाम निर्विवाद सिद्ध होत नाही, असा शेरा मारला. त्याच आठवड्यात विदर्भात पारा आणखी चढला आणि गारवाघरांतली माणसं गारव्यात बसून राहिली. वीज कुठून येते ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

तुळसबंदरने रसिकाला अध्यक्षपदावरून काढलं. बाबलला निवडून आणलं. परत आलेले मुलगे पुन्हा मुंबईला गेले. सरकारची मदत आली, पण तेवढ्या पैशांत होड्या झाल्या, चक्क्या झाल्या नाहीत. तो पावसाळा रसिकाने निशिगंधाच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढला. दोघी जेवायला एकत्र बसत. एकदा भात वाढता वाढता रसिका म्हणाली की त्या सांजेला तू ते माझ्यापासून लपवलं असतंस, तर मी तुझ्या दारात पाय ठेवला नसता. एवढं बोलून तिने आमटी पुढे सरकवली.

दिवाळीनंतर राज्याने पवनपट्टा उत्तरेकडे वाढवायचं ठरवलं. नव्या टोकाची रांग भाटखोलच्या मालकीची करायचा प्रस्ताव होता. भाटखोलमध्ये दोन तट पडले. मुकादमांनी रसिकाला येऊन बोलायची विनंती केली. अध्यक्ष नसलेली बाई काय बोलणार, असं ती म्हणाली, आणि गेली.

सभा भाटखोलच्या त्याच शाळेत होती. भिंतीवर पाण्याची रेघ कुठेच नव्हती, कारण पाणी आत आलंच नव्हतं. रसिकाने वाऱ्याने गावाला काय दिलं ते सांगितलं: दवाखाना, बर्फ, घरी आलेली पोरं. मग काय गेलं ते सांगितलं. ट्रॉलरचा विषयही तिने सोडला नाही. तुमचं आमचं ते भांडण बाकी आहे, हे तिने तोंडावर सांगितलं, आणि पुढच्या बाकांवरचे काही पुरुष खाली बघू लागले.

एक तरुण उठला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याने विचारलं, तुमच्या चक्क्यांमुळे आमचं पाणी कमी झालं, याला पुरावा काय?

“काय नाय,” रसिका म्हणाली. “तेवा नाय म्हटला असता, तर आज माज्या दारात होडी असती. आणि ह्यो प्रश्न इचारूक तुमी हय असतास काय नाय, ता माका म्हायत नाय.” तिने सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. “तुमकाव म्हायत नाय.”

बाहेर खाडीवर नव्या पुलाचं काम चालू होतं, त्याचे ठोके आत ऐकू येत होते. निशिगंधा मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, झालं, आता उठतील सगळे.

तेवढ्यात बायकांमधून एकजण उठली. तिने मुकादमांना विचारलं, “रांग आमची झाली, आणि उद्या असं वादळ दुसऱ्या कुणावर चाललं, तर आम्हाला विचारायला कोण येणार?”

“मी येईन,” मुकादम म्हणाले.

“आणि आम्ही नाही म्हणालो तर?”

मुकादमांची आई दुसऱ्या बाकावर बसली होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “तर तसाच परत जाईन.”